हलवून बघ!

तात्या तुमच्याही ओळखीचे असणार. कुठेही काही बांधलं जात असलं, की हे गृहस्थ न बोलावता हजर. हात मागे, मान तिरकी आणि तोंडात एकच मंत्र : ‘‘हलवून बघ.’’

मे संपत आला, की नागावच्या किनाऱ्यावरच्या एटीव्ही पिकअपमध्ये घालून शेडला न्यायची घाई असते. पोरं हौद्याला दोन फळ्या टेकवतात आणि रेस पिळणार, तोच तात्या आडवे. ‘‘फळ्या पिकअपला बांधल्यास का? चाकाच्या रेट्यानं फळी मागे सरकली, की गाडी उलटून तुझ्याच उरावर!’’ पोरं बांधतात. ‘‘हलवून बघ.’’ मग उताराची शिकवणी : हौद्याच्या उंचीच्या तिप्पट लांब फळी हवी, हौदा अडीच फूट तर फळी साडेसात. पिकअपच्या चाकाला दगड लाव. ‘‘दगड हलवून बघ.’’ आता पहिला गिअर, अंग पुढे, सावकाश. वर ब्रेक लावून चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे, सस्पेन्शन जरा दबेपर्यंत. शेवटी तात्या स्वतः हौद्यात चढून एटीव्ही अशी हलवतात, की पुढे बसलेल्या ड्रायव्हरचा चहा सांडतो.

पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब हलवले, ते ठीक. नवरदेवाचा फेटाही हलवला. फेटा सुटला. ‘‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’’

पिकअप निघाली तरी सुटका नाही. वडखळला फोन येतोच : ‘‘थांब. उतर. हलवून बघ.’’ ड्रायव्हर शिव्या घालत उतरतो. आणि एकदा खरंच मागचा पट्टा बोटभर सैल निघाला. खड्ड्यांनी गाडी हौद्यात बसते, ताण जातो. त्यानं तात्यांना हे सांगितलं नाही; सांगितलं असतं तर म्हातारा वर्षभर ऐकवत राहिला असता. पण आता वडखळला तो फोनआधीच थांबतो.

मालवणात राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. कारण म्हणून वारा सांगितला गेला. बातमी ऐकून तात्या पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मला मात्र वाटलं, प्रत्येक सरकारी बांधकामावर एक तात्या नेमावा. पण नेमणार कोण? पाहुणे ठरलेत, तारीख ठरलीय, फीत ताणून बांधलीय. अशा वेळी म्हातारा आधी ती फीतच हलवून बघायचा!