कंबरमोडी

रंगीत फोटो मी का सोडले, याचं कारण मी लोकांना फार गंभीरपणे सांगते. "रंग डोळ्यांना लाच देतात. मला आकाराशी बोलायचंय." हे वाक्य मी घरी आरशासमोर बसवलेलं आहे. चष्मा कपाळावर सरकवून म्हटलं तर ते आणखी उठून दिसतं.

खरं कारण निराळं आहे. आमच्या हौशी गटात प्रत्येकाकडे पक्ष्यांसाठी तोफेएवढी लेन्स आहे. माझ्या लेन्समधून तारेवरचा खंड्या स्वल्पविरामाएवढा दिसतो. फुलांकडे वळावं, तर सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलांपेक्षा फोटो काढणारे जास्त. उरला रानटी पाला. तो उडून जात नाही, त्याला तिकीट नाही, आणि काळ्यापांढऱ्यात काढला की बघणारे गप्प होतात. बघणारे गप्प झाले की ती कला, अशी माझी समजूत होती. त्यांना काय बोलावं ते सुचत नसतं, हे पुढे कळलं.

पहिल्या पावसाळ्यात टाकळ्याचे चाळीसेक फोटो काढले. ते संगणकावर बघून आमचे हे म्हणाले, "भाजी खाली लागली का गं?"

चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती. पावसात उघड्या डोळ्यांना पोपटी, शेवाळी, काळपट, पिवळट असे पंचवीस हिरवे दिसतात. रंग काढून घेतले की त्या सगळ्यांची मिळून एक राखाडी गोधडी होते. घाणेरीचं लालभडक फूल आणि तिचं पान यांचा उजेड सारखा असला, तर फूल पानात बुडून जातं. शोधून सापडत नाही. फिल्मच्या जमान्यातले लोक यासाठी लेन्सपुढे रंगीत काच लावायचे. हिरवी काच लावली की पानं उजळतात, लाल लावली की काळीभोर होतात. म्हणजे काळापांढरा फोटो काढायचा, तर रंगांचा विचार रंगीतवाल्यांपेक्षा दुप्पट करावा लागतो. हे कळलं तेव्हा माझं आरशासमोरचं वाक्य थोडं लटपटलं. पण एव्हाना ते बऱ्याच लोकांना सांगून झालं होतं.

त्यात मला कार्ल ब्लॉसफेल्ट सापडला. बर्लिनमध्ये कलाविद्यार्थ्यांना शिकवणारा हा गृहस्थ. झाडांची रचना मुलांना नीट दिसावी म्हणून त्याने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने तीसेक वर्षं पानं, देठ, कळ्या, बोंडं यांचे फोटो काढले. साध्या पार्श्वभूमीवर, कितीतरी पटींनी मोठे करून. नेच्याचा गुंडाळलेला कोवळा शेंडा त्याच्या फोटोत लोहाराने घडवलेल्या फाटकाच्या नक्षीसारखा दिसतो. (आमच्या ह्यांना तो चकलीसारखा दिसला.) मला त्याच्या कलेपेक्षा त्याच्या तारखा जास्त आवडल्या. जन्म १८६५, पुस्तक १९२८. म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी! मी तेव्हा एकसष्टची होते. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला दोन वर्षं हातात असली की ती काय वाट्टेल ते करू शकते.

फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. झाड पळून जात नाही हे खरं, पण ते कधीही स्वस्थ उभं नसतं. ब्लॉसफेल्ट झाडं आत आणून कॅमेऱ्यापुढे ठेवायचा. मी पडले निसर्गप्रेमी, जागच्या जागी फोटो काढणार. ढगाळ सकाळी, सगळं पान नीट रेखीव यायला हवं म्हणून लेन्सचं भोक बारीक केलं की कॅमेरा पाव सेकंद उघडा ठेवावा लागतो. पाव सेकंद म्हणजे काय हो? पण त्या पाव सेकंदात अरबी समुद्रावरून निघालेला वारा अख्खा घाट चढून बरोबर माझ्याच पानापाशी पोचतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून आमचे हे उभे असतात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शेंगदाणे. दर दहा फोटोंमागे एक कटिंग चहा असा आमचा करार आहे, आणि वारा जास्त असेल तर चहाबरोबर क्रीमरोल.

आता कंबरमोडीबद्दल बोलते. विषय सोडून होईल, पण होऊ दे.

आपल्याकडे रानटी झाडांची नावं ज्याने कुणी ठेवली, तो मनाने उदार नव्हता. घाणेरी, खाजकुइली, मुरुडशेंग, उंदीरकानी, सापकांदा. बागेतल्या झाडांना जाई, जुई, शेवंती, म्हणजे लाडाच्या लेकी. आणि बांधावरच्यांना आळीतल्या भांडणातले शब्द. त्यातच ही कंबरमोडी. हिला एकदांडीही म्हणतात, कारण लांबच लांब देठावर एकटंच फूल. दगडीपालाही म्हणतात. मूळची अमेरिकेकडची, पण इथे अशी रुळली की रस्त्याच्या कडेला, गच्चीच्या भेगेत, बसथांब्यामागे, कुठेही दिसेल. फुलाच्या पाकळ्यांना टोकाशी तीन-तीन दातरे. फूल झालं की म्हातारीसारखं पांढरं बी. काळ्यापांढऱ्यात याहून चांगलं काय मिळणार? पण देठ उभा राहिला तरी वीतभर, बाकीचं झाड जमिनीला लोळण घेतलेलं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, तर आपणही लोळायला हवं. मी कोपरं टेकली, मग पोट टेकलं, मग गाल टेकला. पाऊण तासात वारा एकदा थांबला. फोटो झाला. आणि उठता येईना.

नाव ठेवणाऱ्याने झाडाची नव्हे, फोटो काढणाऱ्याची कंबर डोळ्यांपुढे ठेवली होती, हे मला जमिनीवर पडल्यापडल्या समजलं. आमचे हे कराराप्रमाणे चहा सांगायला गेले होते. टेकडीवर फिरायला आलेली माणसं जमली. "काकू, चक्कर आली का?" "शुगर आहे का?" मी "फोटो, फोटो" म्हणत होते. त्यावरून त्यांनी मला भ्रम झालाय असा निष्कर्ष काढला. एका सद्‌गृहस्थांनी फिट आली असेल म्हणून पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. ती चप्पल माझ्या फोकसच्या आत असल्याने मला धूसर दिसली, एवढंच त्यातलं सुख.

याहून वाईट अनुभव गाजरगवताचा. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि १९५०च्या दशकात ते डोळ्यांत भरलं ते आमच्या पुण्यात. पुण्याच्या मानाच्या यादीत हे कुणी धरत नाही, याचं मला नवल वाटतं. पण पान काय सुंदर! लेस विणावी तसं. दवात भिजलेल्या एका झुडपात अर्धा तास लोळून मी फोटो काढला आणि प्रदर्शनात त्याला 'शांतता' हे नाव दिलं. तोवर माझ्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशात लोळलात?" मी म्हटलं, "शांततेत." त्यांनी पंधरा दिवसांचं मलम दिलं.

प्रदर्शनातल्या बाकी फोटोंना मी 'रचना क्र. ४', 'रचना क्र. ७' असे आकडे दिले होते. नावं दिली की गूढता जाते, असं मी लोकांना सांगितलं. अर्ध्या झाडांची नावं मला ठाऊकच नव्हती. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्या काठी टेकत एकेका फोटोपुढे थांबल्या. 'रचना क्र. ७' पुढे म्हणाल्या, "रचना कुठली, टाकळा आहे हा. जून झालाय. पंधरा दिवस आधी गेली असतीस तर भाजी तरी झाली असती." काळ्यापांढऱ्यात, चष्मा बदलायला झालेला असताना, त्यांना जून पान कळलं. मग एकेक नाव सांगत त्या पुढे निघाल्या. हा माका. हा कुर्डू. हा दगडीपाला, तुझा नवरा पडून धडपडून यायचा तेव्हा गुडघ्यावर चुरडून लावायचे मी. मागून येणारी चार माणसं माझ्या कलाविषयक टिपणाऐवजी त्यांचं ऐकायला लागली.

यातले बहुतेक फोटो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मोकळ्या जागेतले. गेल्या श्रावणात तिथे यंत्र आलं. सुशोभीकरण. टाकळा, आघाडा, माका, कुर्डू सगळं एका दिवसात खरवडून काढलं. मग लॉन आलं, लॉनवर चालू नये अशी पाटी आली, आणि सिमेंटच्या भिंतीवर हिरव्या रंगात पानं-वेली रंगवल्या गेल्या. ती पानं कुठल्याच झाडाची नाहीत. मी जवळ जाऊन पाहिलं. माझा पहिला राग, खरं सांगायचं तर, स्वतःपुरताच होता. माझा स्टुडिओ गेला म्हणून मी चरफडत होते.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या पत्रीसाठी पिशवी घेऊन मोलकरणीबरोबर तिथे गेल्या आणि रिकामी पिशवी घेऊन परतल्या. मग मंडईतून जुडी आणली. त्यात अशोकाची पानं होती आणि क्रोटनची. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या बराच वेळ निवडत बसल्या. "आघाडा नाही यात," म्हणाल्या. मग मान वर करून भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे 'रचना क्र. ११' टांगलेली आहे: उलट्या काट्यांच्या बियांनी भरलेली आघाड्याची एक काडी. सकाळचा तिरपा उजेड तिच्यावर पडावा म्हणून मी नऊ दिवस खेटे घातले होते. "हा आहे की," म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

रात्री दिवे मालवताना बघितलं, तर त्या फ्रेमच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती. काच मी अजून पुसलेली नाही. फ्रेमखालचा आकडा मात्र काढला आणि 'आघाडा' अशी चिठ्ठी चिकटवली.

त्रेसष्टावं वर्ष उलटलं, पुस्तक आलेलं नाही. मी आता टेकडीवर वरच्या अंगाला जाते. आमचे हे गुडघ्यांमुळे रोज येऊ शकत नाहीत. तेव्हा वाचकहो, पावसाळी सकाळी पायवाटेच्या कडेला एक बाई गाल टेकून पडलेली दिसली, तर १०८ला फोन करू नका. चप्पल पायातच राहू द्या. छत्री असेल तर उघडा आणि पाव सेकंद वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. चहा मी पाजेन.