जुन्या शीटचं नवं बिऱ्हाड

आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत 'मास्टर' नावाची एक शीट असते. ती बनवणारे गृहस्थ कधीच निवृत्त झालेले असतात आणि तिच्यात नेमकं काय आहे हे त्यांनाही कधी नीट माहीत नव्हतं. पगार, रजा, जावक क्रमांक, बोनसची वाटणी, कुठल्याशा सहलीची वर्गणी, सगळं तिथंच. मार्चअखेर आला की ही शीट उघडता उघडता पांढुरकी पडते, मग हँग होते, आणि कार्यालयातला प्रत्येकजण संगणकतज्ज्ञ होतो.

"मशीन बंद करून चालू करा," शिपाई सांगतो. "व्हायरस आहे," आस्थापना विभागाचं निदान. लेखा विभागातले भाऊसाहेब मात्र ठाम असतात, "रॅम वाढवा." त्यांच्या मेव्हण्याचं संगणकाचं दुकान आहे.

खरे उपाय साधे आहेत. कंट्रोलचं बटण दाबून धरून एक्सेल सुरू केलं की ते सेफ मोडमध्ये उघडतं. तिथं फाईल नीट चालली तर संशय अ‍ॅड-इनवर घ्यायचा, आणि एकेकाची टिकमार्क काढत चोर पकडायचा. फाईलच बिघडली असेल तर 'ओपन अँड रिपेअर' आहे. या उपायांत दोष एवढाच की ते फुकट आहेत. त्यांचं कोटेशन मागवता येत नाही, आणि ज्याचं कोटेशन नाही त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

शिवाय त्यासाठी शीटच्या आत डोकवावं लागतं. तिथं नोंदी चारशे, पण चौकटी आखल्यात दोन लाख ओळींपर्यंत. पुढंमागं लागल्या तर असाव्यात म्हणून. कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम कॉपी-पेस्ट होता होता शेकड्यांत गेलेत. एक सूत्र अजूनही अशा पेनड्राइव्हवरून आकडे मागतंय, जो बदली झालेल्या साहेबांबरोबर गेला.

याबाबतीत आपण एकटे नाही, हे अभिमानानं सांगायला हवं. 2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 रुग्णांची नोंद वेळेवर झालीच नाही. माहिती जुन्या एक्सेल स्वरूपाच्या फायलींत भरली जात होती, त्या शीटमध्ये ओळी मावतात 65,536, आणि उरलेले रुग्ण बाहेर राहिले. महासाथ शीटमध्ये मोजावी का, हा प्रश्न तिथंही नंतरच पडला.

आमच्या कार्यालयात तर तो पडलाच नाही. बैठकीत ठरलं, सॉफ्टवेअरच बदलायचं. लिब्रेऑफिस घ्यायचं. "फुकट का देतात?" साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला. उत्तरादाखल इतिहास सांगण्यात आला: जर्मनीतलं स्टारऑफिस 1999 मध्ये सन कंपनीनं विकत घेतलं, त्यातून ओपनऑफिस झालं, पुढं सनच ओरॅकलकडं गेली, तेव्हा 2010 मध्ये मंडळी वेगळी निघाली आणि लिब्रेऑफिस जन्मलं. "म्हणजे भाऊबंदकी," साहेब म्हणाले, आणि त्यांची भीड चेपली. मग उदाहरणं निघाली. म्युनिक शहरानं 2003 मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, 2017 मध्ये परत विंडोजवर यायचं ठरवलं. त्यामुळं ते उदाहरण बदल हवा असणाऱ्या आणि नको असणाऱ्या, दोन्ही पक्षांनी वापरलं. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं 2024 मध्ये तीसेक हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं, पण हे नाव इतिवृत्तात लिहायला कुणी तयार होईना, म्हणून ते वगळलं.

बिऱ्हाड हललं, पण एकही डबडं न टाकता. दोन लाख ओळींच्या चौकटी जशाच्या तशा नव्या घरी गेल्या. जुने मॅक्रो अर्धे चालले, अर्धे रुसले. 'मंगल' फाँट नसलेल्या मशीनवर रकाने सरकले आणि आडनावं दोन ओळींत तुटली. ओडीएफ हे खुलं स्वरूप 2006 पासून आयएसओचं मानक आहे, पण वरच्या कार्यालयाला एक्सेलचीच फाईल लागते. त्यामुळं सेव्ह करताना लिब्रेऑफिस नम्रपणे विचारतं, जुनंच स्वरूप ठेवू का? आणि आम्ही तितक्याच नम्रपणे हो म्हणतो. पुढच्या मार्चअखेरीस शीट नव्या सॉफ्टवेअरमध्येही हँग झाली.

तेव्हा नव्यानं लागलेल्या शिकाऊ मुलीनं जेवणाच्या सुट्टीत चारशे नोंदी तेवढ्या उचलल्या आणि कोऱ्या शीटमध्ये ठेवल्या. फाईल दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये झटकन उघडली. कार्यालयात खळबळ माजली.

"इतकी हलकी? नक्की काहीतरी गेलंय," भाऊसाहेब म्हणाले.

"काही गेलं नाही, सर. रिकाम्या ओळी होत्या."

"पण मास्टरला हात लावायला तुला सांगितलं कुणी, बाळ?"

तिच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. जुनी फाईल सन्मानानं परत आणण्यात आली. आणि रॅमचं कोटेशन त्याच दिवशी मंजूर झालं.