लाईट होती म्हणून

माळशेज घाट चढून एसटी वर आली, धुकं मागं पडलं आणि कंडक्टर ओरडला, "डिंगोरे कोण?" मी हात वर केला, वर्गात हजेरी द्यावी तसा. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्यात डिंगोऱ्याचं कोण, हे त्यांना पाठ होतं, आणि मी त्यात नव्हतो.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासिता नावाचा प्रकार असतो. 16 आठवडे खऱ्या शाळेत खऱ्या मुलांपुढं उभं राहायचं. मुंबईतल्या शाळा मित्रांनी आधीच पटकावल्या होत्या, माझ्या वाट्याला ओळखीतून डिंगोरे आलं. लालबागच्या आमच्या खोलीत मी जर्मनीला निघाल्यासारखा गहिवर झाला. आजी मालवणकडची. "घाटार जातंस?" असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि पिशवीत सुकट बांधून दिली. माळशेजच्या शेजारच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळी कोकणातून वर येणाऱ्या मालावर जकात घेत. त्या जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथं आहे. माझ्याकडं जकातीच्या लायकीचा माल म्हणजे ही सुकट एवढाच.

तो माल शेवटपर्यंत सुटला नाही. खोली मिळाली ती माळकऱ्यांच्या घरात. मावशींनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं, "सर, घरात माळ आहे, तेवढं सांभाळा." मग सुकट डब्यात, डबा पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंकेपाशी मावशींची मांजर, अशी आमची 16 आठवड्यांची रचना ठरली. पहिल्या शनिवारी मावशी म्हणाल्या, "उद्या मासवडी करते." माझा ऊर भरून आला. माउलीनं ओळखलं म्हणायचं! ताटात आली ती बेसनाची वडी. आत तीळ, खोबरं, लसूण. बाजूला झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी पाच खाल्ल्या. पण मासा शेवटच्या वडीपर्यंत शोधत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

शब्द ओळखीचे आणि अर्थ परके, ही या मुलखाची खरी गंमत. घरमालक बाबांनी विचारलं, "मुंबईत घर कसलं?"

"चाळीत आहे."

"आमची बी चाळ हाये की. मागल्या साली बांधली."

मी आदरानं विचारलं, "किती बिऱ्हाडं?"

बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "25 टन."

मग मागच्या अंगाला नेऊन त्यांनी कांद्याची चाळ दाखवली. जमिनीपासून उचललेली, खालून हवा, दोन्ही बाजूंच्या फटींतून हवा, वर पत्रा. सडका कांदा दिसला की उचलून बाहेर. आमच्या चाळीत यातली एकही सोय नाही.

बाबा स्वतः लालबागलाच गिरणीत होते. 82 साली संप झाला, चार महिन्यांनी बघू म्हणून गावी आले ते आलेच. त्यांच्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहे, असं मी सांगितलं.

"किती मजली?"

"साठेक असतील."

बाबा थोडं थांबले. "हवा लागत असंल," म्हणाले.

शाळेतही तेच. आठवीतला एक मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपला होता. गृहपाठाची वही कोरी. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला बरे मार्क होते, म्हणून मी प्रेमळ आवाज काढला. "काल लाईट नव्हती का रे?"

"नाय सर. लाईट होती म्हणून."

वर्गाला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मधल्या सुट्टीत उलगडा झाला. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवडाभर दिवसाची, आठवडाभर रात्रीची. रात्रीची असली की रात्रीच पाणी भरायचं. "बाप दारं धरतो, मी बॅटरी धरतो. उसात वाघ असतो ना." वाघ म्हणजे बिबट्या. धरलेल्या बिबट्यांसाठी या तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्र आहे. मला भाड्याची खोली शोधायला तीन दिवस लागले होते. पण त्या मुलापुढं हा विनोद करायची हिंमत झाली नाही. त्याला झोपू दिलं.

शेवटी निरीक्षणाचा पाठ. सहावी, नफा-तोटा. लोकलच्या पासाची उदाहरणं मी फेकून दिली होती, कारण जुन्नर तालुक्यात रेल्वेच नाही. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं: एका शेतकऱ्याने 1500 रुपये खर्चून 10 क्रेट टोमॅटो पिकवले व 2000 रुपयांस विकले. तर नफा किती?

शांतता. मग एक हात. "सर, गाडीभाडं धरलं का?"

"नाही."

"क्रेटला 20 धरा. 200 गेले."

"हमाली, तोलाई?" दुसरा हात. "50 धरा."

"आणि सर, दोन क्रेट बाद काढले आसतील."

"का बाद?"

"काढतातच."

दोन क्रेटचे 400. मी खडू घेऊन नुसता वजा करत राहिलो. 500 रुपये नफ्यावर सुरू केलेलं गणित 150 रुपये तोट्यावर येऊन थांबलं, तेव्हा वर्गाच्या चेहऱ्यावर उत्तर जुळल्याचं समाधान दिसलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, उद्या पट्टी आणू?"

"नको, यात रेघा मारायच्या नाहीत."

तरी आणलीच. चार घड्या घातलेला व्यापाऱ्याचा कागद. क्रेट, भाव, हमाली, तोलाई, भाडं, आणि तळाशी पेनानं गोल केलेला एक आकडा, जो मी चुकून आधी भाव समजलो.

मार्गदर्शक शिक्षकांनी पाठ निरीक्षण वहीत शेरा लिहिला होता: "फलकलेखन स्वच्छ. हेतुकथन ठीक. उदाहरणातील शेतकऱ्यास नफा झालेला दाखवला आहे, ते दुरुस्त करावे."