बारा व्होल्टांची मिजास

11 हजार व्होल्टच्या पॅनेलपुढे मी उभी नोकरी ताठ मानेनं काढली. अंबड एमआयडीसीत माझी सही झाल्याशिवाय ब्रेकर गेटाबाहेर पडत नसे. तेव्हा गाडीत नवा टेप बसवायला मी दुकानात जाणं शक्यच नव्हतं. (कॅसेट जाऊन जमाना झाला, पण आमच्याकडे त्याला अजून टेपच म्हणतात.) बारा व्होल्ट! एवढ्याला आम्ही लोक वीज म्हणतच नाही.

गाडी व्हेरिटो, जन्म सातपूरचा, म्हणजे अस्सल नाशिककर. जुना टेप खेचून बाहेर काढला आणि मागे जे लोंबत होतं ते बघून माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो छापता येणार नाही. आधीच्या मालकानं कुठल्याशा दुकानात काम करून घेतलं होतं आणि तिथल्या कारागिरानं कंपनीचा कपलर सरळ कापून टाकला होता. वायरींची टोकं दातांनी सोललेली, पिळलेली, वर काळी टेप. ती उन्हानं वितळून चिकट झालेली. या एका गोष्टीवर मला विनोद करता येत नाही. गाडीचा कपलर आणि टेपचा कपलर जोडणारा तयार तुकडा बाजारात काही शे रुपयांना मिळतो. न कापता काम होतं, उद्या टेप काढला तर गाडी होती तशी. तरी कात्रीच पुढे येते, कारण कात्री हाताशी असते.

नव्या टेपच्या वायरींना निदान शिस्त असते. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल किल्ली फिरवल्यावरच जागी होणारी. काळी अर्थ. निळी अँटेना नाहीतर अँप्लिफायर उठवणारी. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. काळा पट्टा असेल ती ऋण. गाडीच्या बाजूचे रंग मात्र गाडीवाल्यांच्या मर्जीचे, त्यात कपलर छाटलेला. मी मनाशी म्हटलं, रंग अडाण्यांसाठी, आपल्याला मीटर आहे.

टेप वाजला. सोसायटीतली पोरं खिडकीशी जमली. मी आवाज जरा जास्तच वाढवला, हे खरं.

पुढे गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता 'टक्' करू लागला. भारतीय मूकपटाचे जनक त्र्यंबकेश्वरचे. 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. आमच्या गाडीनं ती परंपरा पुढे चालवायचं ठरवलेलं दिसत होतं. वॉचमन म्हणाला, "साहेब, बॅटरी बदला." शेजारचा इंजिनीअर मुलगा म्हणाला, "काका, यूट्यूबला सगळं असतं." मला! यूट्यूब!

निमूटपणे बॅटरीचं ऋण टोक सोडवलं आणि टोक नि बॅटरी यांच्या मध्ये मीटर धरला. किल्ली काढलेली, दारं बंद. धड गाडी अशा वेळी 50 मिलिअँपिअरच्या आत राहते. माझी अर्धा अँपिअर पीत होती, म्हणजे दिवसाला बारा अँपिअर-तास. चाळीस-पंचेचाळीसची बॅटरी तिसऱ्या दिवशी हात जोडणारच. मग एकेक फ्यूज उपसत गेलो. टेपचा उपसला आणि आकडा झपकन खाली आला. लाल वायरही थेट बॅटरीच्याच लाइनवर बसली होती. किल्ली काढली तरी टेप आतून जागाच. लाल वायर किल्लीच्या लाइनवर आणली, आणि वॉचमनला कारणासकट सगळं समजावून सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

मग सुरू झाली कुईं. गाडी चालू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढणार. हा अल्टरनेटरचा आवाज. इथे मला पॉल गॅल्विन आठवतो, आणि तो आठवला की मी आवरत नाही. घरातले उठून जातात, तुम्ही बसा.

या शिकागोच्या माणसानं 1930 साली गाडीत रेडिओ बसवायचा ध्यास घेतला. अडचण हीच: इंजिन चालू झालं की रेडिओत नुसती खरखर, कारण प्रत्येक ठिणगी आपलं स्वतंत्र आकाशवाणी केंद्र चालवते. ती दाबून त्यानं रेडिओ आपल्या स्टुडबेकरमध्ये बसवला आणि रेडिओवाल्यांच्या संमेलनासाठी अटलांटिक सिटी गाठली. तिथे स्टॉल घ्यायला पैसे नाहीत. गड्यानं गाडी बाहेर उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत बसला. (सोसायटीतल्या माझ्या मोठ्या आवाजाला बघा किती थोर पूर्वपीठिका आहे.) असंही सांगतात, की कर्ज मिळावं म्हणून त्यानं एका बँकवाल्याच्या पॅकार्डमध्ये रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीनं पेट घेतला. कर्ज मिळालं नाही. पुढे हाच मोटोरोला कंपनीचा संस्थापक म्हणून जगाला ठाऊक झाला. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा पॅकार्डपाशी थांबतो. तिथे मला फार बरं वाटतं.

असो. डिकीतल्या अँप्लिफायरचा अर्थ रंग दिलेल्या बोल्टवर होता. रंगातून करंट जाणार कसा? पत्रा चकचकीत होईस्तोवर खरवडला, रिंग टर्मिनल कसलं आणि सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. कुईं गेली. एवढे दिवस सौभाग्यवतीनं त्या शिट्टीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हा तिचा सोशिकपणा, असं मी धरून चाललो होतो.

तिची तक्रार वेगळीच होती. "अहो, माझ्या बाजूचा वाजतच नाही."

दार उघडून पांढरी जोडी मोजली: चार ओहम, ठीक. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की स्पीकर 'टक्' करतो, केला. आकाशवाणी नाशिक 101.4 लावून बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला. मला छान ऐकू येत होतं. ती दाराशी कान नेऊन म्हणाली, "बघा, बंदच आहे."

मी सेल पुन्हा टेकवला. पुन्हा 'टक्'. तिनं विचारलं, "लावला का?"

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. डावा कान बराच गेलेला, उजव्यातूनही वरच्या पट्टीचे आवाज गळायला लागलेले. शिट्टी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि गाडीत मी कायम तिच्या उजव्या हाताला बसतो, चांगल्या कानाशी, त्यामुळे आमचं बोलणं बिनतक्रार चालायचं. मीटर घेऊन साऱ्या गाडीतून फिरलो, पण शेजारच्या सीटवर काय चाललंय याचं मोजमाप माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी मी गॅल्विनची गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

आता तिच्या कानात यंत्र आहे. त्याला दीड व्होल्टसुद्धा लागत नाहीत. सेल ती स्वतः बदलते, मला हात लावू देत नाही. गाडीतल्या गाण्यांबद्दल तिचं ताजं मत असं, की आवाज कमी ठेवा.

तुम्ही टेप बदलणार असाल तर दुकानदाराला आधीच बजावा: कपलर कापायचा नाही, जोडणारा तुकडा आणा, त्याचे पैसे वेगळे घ्या. तो म्हणेल, "काका, काही होत नाही." त्याला अंबडच्या एका निवृत्त माणसाचा हवाला द्या. ओळखणार नाही, पण द्या.