बत्तीस, पस्तीस आणि दहा

साताऱ्यातल्या एका घरात तीन पिढ्या नांदतात आणि वरून खाली पडणाऱ्या वस्तूबद्दल तिन्ही पिढ्यांची मतं वेगळी आहेत. आजोबा म्हणतात ३२. त्यांचा मुलगा म्हणतो ३५. अकरावीतली नात म्हणते १०. वस्तू तीच, घर तेच, पृथ्वीही बदललेली नाही.

आजोबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त. त्यांनी डिप्लोमा केला तेव्हा मेट्रिक मापांचा १९५६ चा कायदा होऊन गेला होता, पण तो अजून पुस्तकांपर्यंत पोचायचा होता. त्यामुळे त्यांचं त्वरण आजही फूट प्रति सेकंद वर्गात. मुलगा रेल्वेच्या विद्युत विभागात. तिथं वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदात मोजतात, म्हणून एकक झालं किलोमीटर प्रति तास प्रति सेकंद. ट्रॅक्शनच्या पुस्तकात त्याला ‘केएमपीएचपीएस’ म्हणतात. उच्चारताना समोरच्यानं रुमाल पुढे करावा असं ते आहे. ९.८ ला ३.६ नं गुणलं की ३५ येतात. नातीचं १० मात्र गणितातून आलेलं नाही. ‘१० धरा’ अशी परवानगी तिच्या प्रश्नाखालीच छापलेली असते. आजोबांच्या मते हे पृथ्वीला दिलेले दोन टक्के ग्रेस मार्क.

आजींची हरकत वेगळीच. “चौरस फूट कळतो हो, फ्लॅट घेताना मोजलाय. चौरस सेकंद कुठं अंथरतात?”

याचं उत्तर खरं तर मुलाकडे आहे. पडणाऱ्या वस्तूच्या वेगात दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरची भर पडते, बस. सेकंद दोनदा येतो तो असा. घरातलं सगळ्यात कुरूप एककच सगळ्यात सरळ बोलतं, पण त्याला भाव कोण देतो!

त्यात नातीनं ‘जी’ आणला. अमुक गाडी इतके जी, तमुक रॉकेट तितके जी. आजोबांना सुरुवातीला हा आदरार्थी शब्द वाटला, आणि काही अंशी तो आहेही. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे प्रमाण जी, असं ठरवलं. पृथ्वी ठराव जुमानत नाही. विषुववृत्तावर ती ९.७८ देते, ध्रुवावर ९.८३. असले बारीक फरक मोजणाऱ्यांनी गॅलिलिओचं नाव अर्ध्यात तोडून ‘गॅल’ केला, म्हणजे सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग, आणि तोही मोठा वाटला म्हणून त्याचे हजार तुकडे करून मिलिगॅल.

एका आकड्याशी मात्र आजोबा खेळत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाचं डिझाइन ०.०५ जी धरून केलेलं; धरणाच्या आतल्या उपकरणानं नोंदवले ०.६३. नातीनं एकदा चटकन सांगितलं, “म्हणजे ६१८ गॅल.” आजोबा म्हणाले, “असेल,” आणि चहा मागवला. त्या सकाळी गावंच्या गावं जमीनदोस्त होती. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं.

बाकी रविवार गणिताचाच. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेऊन बसले आणि ब्रेक लागताना त्यांनी ४६.२ जी सोसले. वर ८९ वर्षं जगले. हे ऐकून आजोबांनी मोर्चा वॉशिंग मशीनकडे वळवला. मिनिटाला १२०० फेरे, ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर. कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिल चालली आणि उत्तर आलं ३८६ जी. उशीच्या अभ्र्यानं स्टॅपसाहेबांना आठपट मागे टाकलं होतं, तेही दर रविवारी आणि पदकाशिवाय.

मशीनची थरथर मोजायला नातीनं फोन त्यावर ठेवला. त्याआधी तो टेबलावर निपचित पडलेला असतानाही पडद्यावर ९.८ दाखवत होता. “पडून राहिलेल्या वस्तूला कसलं त्वरण?” आजोबा भडकले. नात म्हणाली, “आजोबा, टेबल त्याला वर रेटतंय तेवढंच तो मोजतो. खाली पडताना शून्य दाखवेल.” आजोबांना शून्य बघायचं होतं. फोनचे हप्ते बाकी असल्यानं तिनं साफ नकार दिला.

शेवटच्या स्पिनला मशीन हादरलं, फोन सरकत सरकत काठाशी गेला आणि खालच्या टोपलीत, वाळलेल्या कपड्यांवर पडला. आलेखात शून्याची छोटीशी दरी उमटली होती.

उंची दोन फूट नऊ इंच, म्हणजे ८४ सेंटीमीटर. तिघंही आपापलं एकक घेऊन बसले. आजोबांचं उत्तर ०.४१ सेकंद. नातीचं, १० धरूनही, ०.४१. मुलगा जरा उशिरा आला: “पोरीचा फोन टोपलीत शिरला तेव्हा ताशी साडेचौदा होता. ०.४१ सेकंदात.”

आजोबांनी कॅलेंडर उलटून पुन्हा भिंतीला लावलं. “उंची नीट मोजली होती ना?” ते म्हणाले, आणि टेप आणायला गेले.