धुराळ्यातले पाय

लासलगावात नवा बंगला उभा राहिला की त्या वर्षी कांद्याला भाव होता, हे वेगळं सांगावं लागत नाही. भाव किती होता, हे मात्र हॉलच्या भिंतीवरून कळतं. बरा होता तर देवाचं कॅलेंडर, चांगला होता तर धबधबा, आणि फारच चांगला होता तर लढाई. तीही हाताने रंगवलेली. ‘छापील नको हं,’ असं पेंटरला आधी बजावायचं आणि लगेच मोबाइलवरचं छापील चित्र पुढे करून ‘सेम टू सेम काढ’ म्हणायचं.

दर चौरस फुटावर ठरतो. 1947 पासून बाजार समितीच्या ओट्यावर वजनाची भाषा बोलणारं गाव, त्याला चित्राचंही माप लागणारच. ‘दोन हत्ती कमी केले तर किती पडतील?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलेली असते. पेंटर काकुळतीने सांगतो, ‘तात्या, तैलरंग वाळायला वेळ लागतो.’ तात्या म्हणतात, ‘उन्हात ठेव की! कांदा वाळतो, चित्र नाही वाळत?’

लढाईच्या चित्रात एवढा धुराळा का असतो, याचं उत्तर मला इतिहासाच्या पुस्तकात मिळालं नाही, पेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. घोड्याचे पाय जमत नाहीत. चार पायांचा एक घोडा निभावतो, पण चाळीस घोडे म्हणजे एकशेसाठ पाय. म्हणून गुडघ्याखाली धूळ उडवायची. आमच्याकडची कित्येक घोडदळं अशी ढगावर चाललेली आहेत. बिचाऱ्याचा हात मुळात पाट्यांवर आणि ट्रॉलीच्या फाळक्यांवर बसलेला. पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या आणि तो इतिहासाकडे वळला. पोटासाठी इतिहासाकडे वळणारा तो काही पहिला नाही.

आता हे ‘सेम टू सेम’ कोणासारखं? मोबाइलवर पावनखिंड असते ती बहुधा म. वि. धुरंधरांची. बाजीप्रभू पडले 1660 साली, धुरंधर जन्मले 1867 साली. म्हणजे अस्सल चित्र दोनशे वर्षांनी कल्पनेतून उतरलेलं. त्याची नक्कल मोबाइलवर, आणि तिची नक्कल चौकटी आखून कॅनव्हासवर. तेवढ्यात घरमालकाला सुचतं की डावीकडच्या मावळ्याला आमच्या आजोबांची मिशी दे. चित्र घरी येतं तेव्हा खिंड लढवायला बाजींच्या जोडीला निफाड तालुका उभा असतो. पणजोबांचा प्रश्न सोपा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात चित्रशाळा निघाली, देवांची आणि मराठी वीरांची रंगीत चित्रं छापू लागली. छापील म्हणजे नवलाई, असे ते दिवस. आता पणतवाला हातचं हवंय.

हातचं हवं तर हवं. पण लढाई कोणती? इथे तात्या कांदा निवडतात तसा इतिहास निवडतात. एक नंबर माल भिंतीवर, गोल्टी बाहेर. प्रतापगड चालतो, पावनखिंड चालते. पानिपत नको. ‘घरात पानिपत लावतात का रे कोणी?’

बरोबर आहे. फक्त तात्या ट्रॉली घेऊन ज्या विंचूरच्या उपबाजारात जातात, त्या विंचूरचे विठ्ठल शिवदेव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर होते. इब्राहिमखान गारद्याच्या बगलेवर रोहिले चढून आले तेव्हा दमाजी गायकवाडांसह तलवार उपसून ते पुढे घुसले. सैन्याची गोलाची रचना मोडली ती इथे, असं म्हणत इतिहासकार आजही त्यांच्या नावाने बोटं मोडतात. ते जिवंत परत आले, हा त्यांचा दुसरा गुन्हा. पडले असते तर आज निम्म्या लासलगावच्या हॉलमध्ये असते.

पानिपताचं जुनं चित्र आहे, नाही असं नाही. 1770 च्या आसपासचं, फैजाबादच्या शैलीतलं. दोन्ही बाजूंच्या तोफांच्या कमानी समोरासमोर, मध्ये धूर आणि मुडदे, डावीकडे तपकिरी घोड्यावर अब्दाली. फैजाबाद शुजाउद्दौल्याचं आणि शुजा अब्दालीच्या बाजूला. म्हणजे चित्र जिंकणाऱ्यांच्या गोटातलं, आणि ते आहे लंडनला, ब्रिटिश लायब्ररीत. हरलेली लढाई आम्ही भिंतीवरून उतरवली, ती ज्यांच्या हाती लागली त्यांनी जपून ठेवली. आमच्याकडे पानिपत बोलण्यापुरतं उरलं. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी झाली, त्या दिवशी मार्केटात तो शब्द किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही.

मी तात्यांना सुचवलं, अगदी जवळचीच हवी असेल तर धोडप काढा. चांदवड तालुक्यातला किल्ला, 1768 सालची लढाई. एका बाजूला माधवराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सख्खे चुलते रघुनाथराव. पुतण्या जिंकला, चुलता शनिवारवाड्यात कैदेत. घोडे आपले, तोफा आपल्या, दोन्हीकडची माणसंही आपली. रंगही एकच लागेल, स्वस्तात पडेल. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला उशिरा आठवलं, त्यांच्या बांधाचा दावा निफाडच्या कोर्टात आहे आणि समोर पुतण्याच आहे.

शेवटी प्रतापगडच झाला. वास्तुशांतीला गेलो तेव्हा चित्राला हार घातलेला होता आणि रंग अजून ओला असल्यामुळे झेंडूच्या दोन पाकळ्या खानाच्या अंगरख्याला चिकटल्या होत्या. वाड्याचे वाटे झाल्यावर मध्ये घातलेली चार इंची भिंत नव्या बांधकामातही तशीच ठेवलेली, चित्र तिच्यावर. जेवणं चालू असताना पलीकडून कोणीतरी दाणदाण बडवायला लागलं. बघून आलो तर पुतण्या त्याच भिंतीला खिळा ठोकत होता. त्याच पेंटरकडून त्यानेही आणला होता प्रतापगड, अर्धा फूट मोठा. इकडे आमचा वाकडा झाला होता.