माळकरी रेडिओ

उन्हाळ्यात फलटणकडच्या माणसाची दोन गोष्टींतून सुटका नाही: यात्रांची आवतणं आणि शिबिरं. आवतणांचा बंदोबस्त पोट करतं. शिबिरांचा कुणी करायचा? पोहणं, घोडेस्वारी, संस्कार यांच्या रांगेत यंदा एक नवं शिबिर येऊन बसलं: तरुण पत्रकारांसाठी रेडिओ कौशल्य. जागा नीरा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला एका शेतातलं रिसॉर्ट. महिना मे, म्हणजे शेळीसुद्धा सावली सोडत नाही तो. समारोपाला रात्री बार्बेक्यू, आणि पत्रिकेच्या तळाशी ठळक अक्षरात 'संपूर्ण शाकाहारी'.

पत्रकारांचं शिबिर फलटणला भरावं यात नवल नाही. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं मुंबईत, बाळशास्त्री जांभेकर मूळचे सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. पण तिथं त्यांचं स्मारक उभारायची खटपट केली फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधीनं. पत्रकारितेचं बारसं कुठंही होवो, घुगऱ्या वाटायला फलटणकर हजर.

नवल वाटलं ते बार्बेक्यूचं. याच गावात निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. परदेशातून बोअर जातीची शेळीही आणली. मेंढीनं एकाच्या जागी दोन द्यावीत म्हणून शास्त्रज्ञांनी उमेदीची वर्षं घातली, आणि त्याच गावात शिगेवर चढलं काय, तर मश्रूम, पनीर आणि अननसाची फोड.

संयोजकांनाही बोल लावता येत नाही. सोमवार शिखर शिंगणापूरच्या महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या तीन वारांतून संकष्टी आणि एकादशी वजा करा. त्यात फलटण म्हणजे महानुभावांची दक्षिण काशी, शिवाय माउलींच्या पालखीचा मुक्काम. घरटी एक माळकरी ठरलेला. सगळ्यांना चालेल असा वार शोधत बसलं तर शिबिर दिवाळीत भरवावं लागेल.

आणि माळकऱ्याची सोय आपल्याला नवी थोडीच आहे? यात्रेत पहिल्या दिवशी गोडा निवद, दुसऱ्या दिवशी खारा. खाऱ्या दिवशी बोकडाची पातेली एकीकडं, मांडवाच्या टोकाला माळकऱ्यांची वेगळी पंगत. मसाला तोच, भाकरी तीच, वाढपीही तोच. फक्त पातेल्यात अख्खा मसूर. शेजारच्या पंगतीत नळी कुणाच्या ताटात पडली यावरून भावकी पेटलेली असते. माळकरी तिकडं बघत नाही. मान खाली घालून जेवतो आणि उठताना 'रस्सा झकास' म्हणतो.

दुपारपर्यंत शिबिरात बसल्यावर कळलं, शाकाहारी नुसतं जेवणच नव्हतं.

शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. माणूस जाणकार. माइक तोंडासमोर धरला की 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे फुटतात, म्हणून तो जरा तिरका धरायचा. मुलाखत घेताना मध्येच 'हं हं' करायचं नाही, नुसती मान हलवायची. नाटकातली आग म्हणजे सेलोफेनचा कागद चुरगाळायचा. घोड्याच्या टापांना नारळाच्या दोन करवंट्या पुरतात. पोरं हरखून गेली. वाऱ्याचा आवाज अडवायला सरांनी माइकला राखाडी केसाळ टोपी चढवली. बांधावरून चाललेला एक मेंढपाळ थबकला. बराच वेळ निरखून म्हणाला, "काय वो, कोकराला काठीवर कशापायी चढवलंय?"

एवढं सगळं झाल्यावर एका तालुका वार्ताहर मुलीनं हात वर केला. "सर, रेडिओसाठी बातमी कशी लिहायची?"

सरांनी पाण्याची बाटली उचलली, दोन घोट घेतले. "बातमी सोडून बोलू."

सरांचा यात दोष नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता. २००६ साली संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळाली: ताकद १०० वॉट, पल्ला पंचक्रोशीचा, आणि बातम्या व चालू घडामोडी वर्ज्य. खासगी एफएमवाल्यांना २०११ च्या धोरणानं दया दाखवली. आकाशवाणीचं बातमीपत्र घ्या, पण काना-मात्रा न बदलता. वीज, पाणी, साथीचे रोग यांच्या सूचनाही द्या, पण प्रशासन पुरवील त्याच. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे सांगता येतं. काल का आलं नाही, हे विचारता येत नाही. 'कॉमन कॉज' ही संस्था २०१३ साली याविरुद्ध न्यायालयात गेली. सरकारी बाजूनं गैरवापराची भीती पुढं आली.

भीती रास्तच म्हणायची. टीव्हीवर दहा चौकटींत दहा माणसं एकाच वेळी भुंकली तर देश सुरक्षित राहतो. यूट्यूबवर कुणीही मोबाईल उभा करून 'सर्वात मोठी बातमी' अशी आरोळी ठोकली तरी चालतं. पण म्हसवडच्या बाईनं १०० वॉटवर टँकर आला नाही असं म्हटलं, तर मात्र सीमेवर काहीतरी होईल.

म्हसवडचं नाव उगाच घेतलं नाही. फलटणच्या शेजारच्याच माण तालुक्यात माणदेशी फाउंडेशनचा 'माणदेशी तरंग' २००८ पासून ९०.४ वर चालू आहे. सांगली जिल्ह्यात जतच्या जालिहाळला 'येरळावाणी' आहे. बायकांच्या ओव्या, पीक-पाणी, आरोग्य, गावातले कलावंत. ही मंडळी मसुरावर जेवढी चव आणतात तेवढी अनेकांना मटणावर आणता येत नाही. खाऱ्या पंगतीला बसायचा मान एकट्या आकाशवाणीचा. सकाळी सात-दहाला पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागल्या की त्या ऐकत दाढी करणाऱ्यांच्या दोन पिढ्या इकडं होऊन गेल्या. पण तिथं तरी नळी कुणाच्या ताटात पडते, हे वाढप्याला विचारायचं असतं, पंगतीला नाही.

रात्री निखारे फुलले. आता प्रात्यक्षिक: 'शेकोटीभोवतीचे आवाज'. पनीरनं सहकार्य केलं नाही. चरबी गळत नाही, निखारा फुसकत नाही, चर्र म्हणून नाही. मश्रूमनं थोडं पाणी सोडलं, तेवढंच. शेवटी सरांनी सेलोफेनचा कागद काढला आणि खऱ्या आगीसमोर बसून खोटी आग रेकॉर्ड करून घेतली.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले एक आबा विस्तवाच्या ओढीनं येऊन टेकले. वार्ताहर मुलीनं शिकवल्याप्रमाणं माइक तिरका धरला. आबांना तेवढंच हवं होतं.

"आवर्तन सुटलं म्हणून पेपरात आलं. सुटलं आसंल. आमच्या फाट्याच्या टेलला टिपूस न्हाई. मधल्या मधी रातचं दारं कोण उघडतंय, ते पाटकऱ्याला ठावं हाय, आन् पाटकऱ्याला गप कोण बसवतंय, ते मला ठावं हाय. नाव सांगू का?"

पोरगी एकदाही 'हं हं' म्हणाली नाही. नुसती मान हलवत राहिली. सरांनी लांबूनच हातानं कात्रीची खूण केली.

दुसऱ्या दिवशी तयार कार्यक्रम सगळ्यांना ऐकवला. विषय 'उन्हाळ्यातला हलकाफुलका आहार'. मश्रूम दह्यात किती वेळ मुरवायचे, हे एक गोड आवाज समजावून सांगत होता आणि त्याच्याखाली अगदी बारीक आवाजात कुणीतरी पुटपुटत होतं. आबा मुद्दाम ऐकायला आले होते. कान पुढं करून त्यांनी विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

"आहात की आबा," सर म्हणाले. "वातावरणनिर्मितीला घेतलंय तुम्हाला."

"आन् त्ये नाव?"

"तिथं आग लावलीय. कागदाची."